ओझे उतरल्यावर

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मनुष्याला शाल व श्रीफळ देतात. चार माणसे त्याच्याविषयी चांगले बोलतात, मुले हार घालतात, छायाचित्र काढले जाते, आणि तो किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हाती देऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता त्याला नेहमीप्रमाणे जाग येते. तो स्नान करतो, धुतलेला सदरा अंगात घालतो आणि दारापर्यंत येऊन थांबतो. कारण जाण्याचे ठिकाण राहिलेले नसते. तीस वर्षे ज्याने शाळेची घंटा वाजवली, त्याला आजही घंटा ऐकू येते. परंतु ती त्याच्यासाठी वाजत नसते.

हा प्रसंग मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. शिक्षक, उपदेशक, दवाखान्यातील कंपाउंडर, कचेरीतील शिपाई, असे कितीतरी लोक काम संपल्यावर आपल्या खेड्यांत येऊन राहतात. मी स्वतः अद्याप पन्नाशी गाठलेली नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांना चार शब्द सांगण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की, ह्या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती पुढे सांगावयाची आहे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, काम संपले म्हणजे मनुष्याचे मोल कमी होते काय? दुसरा असा की, वृद्धपणी स्वतःच्या शरीराची काळजी घेणे, त्यासाठी घरातला पैसा व वेळ खर्चणे, हा स्वार्थ आहे काय? वरवर पाहता हे प्रश्न भिन्न दिसतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. ज्याला वाटते की आता आपला कोणाला उपयोग नाही, त्याला स्वतःवर केलेला प्रत्येक खर्च चोरीसारखा वाटू लागतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने चुकीचे दिले, त्याचे दुसऱ्याचे उत्तरही बहुधा चुकते, आणि ती चूक मग औषधाच्या पुडीत दिसून येते.

प्रथम निवृत्तीच्या वयाविषयी पाहू. अठ्ठावन्न किंवा साठ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. जर्मनीत बिस्मार्क मुख्य प्रधान असता १८८९ साली वृद्धांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात वेतनाचे वय ७० ठरवले होते, व पुढे १९१६ साली ते ६५ करण्यात आले. आपल्या देशात केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय ५८ होते, ते १९९८ साली ६० झाले. म्हणजे सरकारच्या एका कागदाने हा आकडा पुढेमागे होतो. ज्या दिवशी तो कागद निघाला, त्या दिवशी कोणाच्या गुडघ्यांत नवे बळ आले नाही, की कोणाची बुद्धी वाढली नाही. हा आकडा कचेरीच्या सोयीसाठी आहे. मनुष्याच्या योग्यतेचा तो निवाडा नव्हे.

शिवाय आमच्या बहुतेक वाचकांना असा आकडा कधी लाभतच नाही. शेतकऱ्याला निरोपाची शाल कोण देणार? त्याची पाठ ज्या दिवशी वाकते, त्या दिवशी तो निवृत्त होतो. मोलमजुरी करणाराचेही तसेच. आणि घरातील बाईला तर तेवढेही नाही. गुरुजी निवृत्त होतात. गुरुजींची पत्नी त्याच दिवशी तीच चूल पेटवते आणि आता दुपारचा आणखी एक चहा करते. ज्याला निवृत्तीचे दुःख फार होते, त्याने एकदा आपल्या पत्नीच्या हातांकडे पाहावे. आपण उचललेले ओझे खाली ठेवले. तिचे ओझे कोण खाली ठेवील, हा विचार मनात आला म्हणजे मोकळ्या दिवसाचे काय करावे ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. पाण्याचा हंडा, दळण, नातवंडांचा अभ्यास, बाजारहाट, ह्यांत हलके काम कोणतेच नाही.

पवित्र शास्त्रात निवृत्तीचा एक स्पष्ट नियम आहे, व तो गणना पुस्तकाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी सापडतो. लेवी वंशातील पुरुषाने पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेस लागावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या सेवेतून मोकळे व्हावे, असा तो नियम आहे. ही सेवा केवळ बसून करावयाची नव्हती. मंडप जेथे जाई तेथे त्याचे सामान वाहून न्यावे लागे, आणि कहाथाच्या कुळाला तर पवित्र वस्तू गाडीवर न घालता खांद्यावर वाहाव्या लागत. पन्नाशीच्या पुरुषाच्या खांद्यावर ते ओझे ठेवू नये, ही देवाने घेतलेली काळजी होय. परंतु तो नियम तेथेच संपत नाही. त्या मोकळ्या झालेल्या लेव्याने आपल्या बंधूंबरोबर राहून त्यांना साहाय्य करावे, राखण करावी, मात्र ते नेमलेले काम स्वतः करू नये, असे पुढे सांगितले आहे. ओझे काढून घेतले. स्थान काढून घेतले नाही. निवृत्त मनुष्याच्या धर्माचे सार ह्या दोन गोष्टींत आले आहे. त्याने खांदा मोकळा करावा, परंतु बंधूंपासून दूर जाऊ नये.

ह्यांतील पहिली गोष्ट कित्येकांना साधत नाही. एका गावी मी असे पाहिले की, निवृत्त झालेले वृद्ध उपदेशक दर आदितवारी मागच्या बाकावर बसत आणि नव्या तरुणाने गीत चुकीच्या चालीवर घेतले की मोठ्याने खाकरत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनीच ती मंडळी जमवली होती. परंतु सहा महिन्यांत त्या तरुणाचा धीर खचला, व लोकांत दोन पक्ष पडले. ज्या रोपट्याला आपण पाणी घातले, त्याच्यावरच आपली सावली पडून ते वाढेनासे झाले, हे त्या भल्या माणसाला कोणी सांगितले नाही.

ह्याच्या उलट बर्जिल्लय गिलादी ह्याचे वर्तन पाहावे. ती गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. संकटाच्या काळी त्याने दावीद राजाला अन्नसामग्री पुरवली होती. राजा जय मिळवून परत निघाला तेव्हा त्याने त्याला यरुशलेमेस चलण्याचा आग्रह केला. बर्जिल्लय त्या वेळी ऐंशी वर्षांचा होता. त्याने सरळ सांगितले की, आता माझ्या जिभेला चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज कानाला नीट ऐकू येत नाही. मी राजाला भार कशाला व्हावे? तो यार्देन ओलांडून राजाला थोडे पोहोचवावयास गेला, आणि आपल्याऐवजी तरुण किम्हाम ह्याला न्यावे अशी त्याने विनंती केली. ह्या वृद्धाच्या बोलण्यात रडगाणे नाही व खोटा तोराही नाही. आपल्या शरीराची खरी स्थिती तो जाणतो, ती बोलून दाखवण्यास लाजत नाही, आणि आपली जागा दुसऱ्यास देताना कुरकुरत नाही. एवढे साधले तर वृद्धपण शोभते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, व येथेच मला माझी चूक सांगावयाची आहे.

आमच्या भागातील एका खेड्यात एक निवृत्त गुरुजी राहत असत. पत्नी वारली होती. मुलगा ट्रॅक्टरवर रोजाने जाई, सून शेतावर खुरपणीला जाई, आणि नात तालुक्याच्या महाविद्यालयात शिकत होती. गुरुजींना पेन्शन नव्हती. हाती आलेली फंडाची रक्कम घराच्या छपरात व मुलाच्या लग्नात गेली होती. त्यांना रक्तदाबाचा विकार होता व रोज एक गोळी घ्यावी लागे. एके दिवशी त्यांनी मला एकांतात सांगितले की, मी गोळी सोडली आहे. तो पैसा नातीच्या फीसाठी साठवतो. घरी कोणाला ठाऊक नाही, आपणही बोलू नये. माझे मन भरून आले. पुढच्या आदितवारी त्यांचे नाव न घेता मी व्यासपीठावरून त्या त्यागाची स्तुती केली. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते.

चार महिन्यांनी एका रात्री त्यांचे तोंड वाकडे झाले व उजवा हात लुळा पडला. घरच्यांनी म्हटले, अंगावरून वारे गेले. त्यांनी तेल गरम करून चोळले आणि उजाडण्याची वाट पाहिली. सकाळी तालुक्यास नेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवण्याच्या औषधाची वेळ टळून गेली आहे. गुरुजींचे प्राण वाचले, परंतु उजवी बाजू गेली व वाचा बोबडी झाली. ज्या नातीच्या फीसाठी त्यांनी गोळी सोडली होती, तीच नात त्यांना उठवण्याबसवण्यासाठी त्या वर्षी घरी राहिली व तिची परीक्षा बुडाली.

मी भेटीस गेलो तेव्हा सून अंगण झाडत होती. गोळीची गोष्ट तोवर घरात कळली होती. ती मला म्हणाली, “पास्तरसाहेब, मामंजींनी आम्हांला विचारलं असतं, तर आम्ही एक वेळ कमी खाल्लं असतं. त्यांनी गोळीचे पैसे वाचवले, पण आमची मजुरी गेली, पोरीचं वर्ष गेलं, आणि ते स्वतः असे पडले. ह्याला काय म्हणावं?” ह्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, तीच गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळत होती. केंद्र नऊ किलोमीटर दूर होते. तेथे मला घेऊन चल, असे मुलाला म्हणण्याचा गुरुजींना संकोच वाटला. मी आता कमावत नाही, मग कोणाचा दिवस का मोडावा, असे त्यांना वाटत होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी त्याग म्हणून जिची स्तुती केली, ती गोष्ट दुसरीच होती. आपले मोल संपले, ह्या समजुतीतून ती जन्मली होती, आणि मी व्यासपीठावरून त्या समजुतीला बळ दिले. मी त्यांना त्याच दिवशी मोटारसायकलवर बसवून केंद्रात नेले असते तर तो खरा उपदेश झाला असता.

येथे कोणी म्हणेल, दुसऱ्यासाठी देह झिजवणे हे तर आपणांस शिकवलेच आहे. मग म्हाताऱ्याने नातीसाठी झीज सोसली तर काय बिघडले? हा आक्षेप हलका नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्या गोष्टीची किंमत मनुष्य स्वतः जाणून देतो, तो त्याग होय. जिची किंमत न विचारता दुसऱ्याकडून वसूल होते, तिला त्याग म्हणता येत नाही. वृद्धाचे शरीर त्याच्या एकट्याचे नसते. ते पडले तर कोणीतरी उचलावे लागते. आणि उचलणारी बहुधा सून, लेक किंवा नात असते. म्हणून गोळी वेळेवर घेणे हा स्वतःवरचा लोभ नव्हे. तो त्या उचलणाऱ्या हातांवरचा उपकार आहे. घरात पैसा खरोखरच नसेल तर ते सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. लपवून केलेली काटकसर ही प्रीती असली तरी ती प्रीती विश्वासावाचूनची असते.

एलीया संदेष्टा थकून एका झुडपाखाली निजला व आता मरण यावे असे म्हणू लागला, तेव्हा देवाने त्याला प्रथम उपदेश केला नाही. त्याला झोप मिळाली, नंतर भाकर व पाणी मिळाले. पुन्हा झोप, आणि पुन्हा भाकर व पाणी. वाणी त्यानंतर आली. शरीराकडे दुर्लक्ष करणे हे धार्मिकतेचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

मात्र दोन गोष्टींपासून जपले पाहिजे. एक म्हणजे, रोगी मनुष्याला दोष लावू नये. पुष्कळ रोग सर्व काळजी घेऊनही येतात, आणि ईयोबाच्या मित्रांसारखे त्याच्या उशाशी बसून कारणे शोधणे हे क्रूरपणाचे आहे. दुसरे असे की, काळजी घेणे म्हणजे दिवसभर शरीराचेच चिंतन करणे नव्हे. प्रत्येक येणाऱ्याला आपल्या पोटाची हकिगत सांगणारा वृद्ध लवकरच एकटा पडतो.

आता काय करावे, ते थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. ह्या गोष्टी डॉक्टरांकडून विचारून घेतल्या आहेत.

रक्तदाब आणि रक्तातील साखर हे दोन विकार बहुधा काही न दुखवता आत काम करतात. मला काही होत नाही, म्हणून मला विकार नाही, हे म्हणणे येथे चालत नाही. रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे वारंवार भरला तर औषधाचा विचार करावा लागतो. गावाजवळच्या उपकेंद्रात तो मोजून मिळतो. आणि गोळीने तो खाली आला म्हणजे विकार गेला असे समजू नये. गोळी चालू आहे म्हणून तो खाली आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती सोडू नये.

कामावरून आलेला मनुष्य एकाएकी बसला की त्याचे स्नायू झपाट्याने गळतात. जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांसाठी आठवड्यातून निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, भरभर चालणे किंवा तशी मेहनत सांगितली आहे. त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस बळ व तोल राखण्याचा व्यायाम असावा असेही सांगितले आहे. ह्याला साधने लागत नाहीत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे व बसणे, भिंतीला हात लावून एका पायावर थोडा वेळ उभे राहणे, एवढे घरात करता येते.

अन्नाविषयी आमच्या वृद्धांची एक खोड आहे. दात गेले की ते चहात भाकरी बुडवून दिवस काढतात. ह्याने पोट भरते, परंतु स्नायूंना बळ मिळत नाही. डाळ, मऊ उसळ, शेंगदाण्यांचे कूट, दूध, ताक, अंडे, मासळी, ह्यांपैकी परवडेल ते रोज पोटात गेले पाहिजे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. आणि लोणचे, पापड, ठेचा व सुके मासे ह्यांतील मीठही त्यातच धरावयाचे आहे. वय वाढले की तहान कमी लागते. म्हणून उन्हाळ्यात तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यावयास सांगितले आहे, त्यांनी अर्थातच त्यांचे ऐकावे.

पडणे हा वृद्धपणाचा मोठा शत्रू आहे. खुब्याचे हाड मोडले की चालता मनुष्य खाटेला खिळतो. ओली मोरी, उंच उंबरठा, रात्रीचा अंधार, ढिली वहाण, ही पडण्याची ठिकाणे आहेत. उशाशी बॅटरी ठेवावी. झोपेतून उठताना प्रथम खाटेच्या कडेवर क्षणभर बसावे व मग उभे राहावे. काठी घेण्यात कमीपणा मानू नये. डोळ्यांवर मोतीबिंदू आला असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. न दिसणारा मनुष्य पडतोच. कान मंद झाले असतील तर तेही दाखवावेत. कारण ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे सोडतो, व घरात असून एकटा होतो.

तंबाखू, मिश्री व विडी ह्या सवयी साठीनंतर सोडूनही लाभ होतो. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवलीच पाहिजे. ती दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

आणि गुरुजींच्या घरी जे झाले ते दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हे प्रत्येकाने पाठ करावे: चेहरा एका बाजूस वाकडा झाला, एक हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, अथवा बोलणे अडखळू लागले, तर ते वारे नव्हे. तेल चोळत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत देता येते, आणि जितके लवकर दिले जाईल तितके अधिक वाचते.

एक विकार असा आहे की जो आमच्या लोकांत विकार म्हणून ओळखला जात नाही. निवृत्तीनंतर काहींची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कारणावाचून डोळे भरून येतात, आणि आपण कशाला जगतो असे मनात येऊ लागते. ह्याला कोणी विश्वासाची दुर्बलता म्हणू नये. हा आजार आहे व त्याला औषध आहे. अशा मनुष्याला एकटे सोडू नये, आणि प्रार्थनेबरोबर त्याला डॉक्टरांकडेही न्यावे.

आता मोकळ्या वेळाविषयी. महाराष्ट्रात ह्याची मोठी उदाहरणे आहेत. धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले, आणि महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ साली, म्हणजे त्यानंतर, स्थापले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या.

ही उदाहरणे धीर देतात. परंतु त्यांनी कोणाला लाजवू नये. सर्वांना विद्यापीठ काढता येत नाही. अर्ज लिहून देणे, अडलेल्याबरोबर कचेरीत जाणे, दोन मुलांना पाढे शिकवणे, आजाऱ्याजवळ तासभर बसणे, एवढेही पुष्कळ आहे. आणि ज्याला तेवढेही करता येत नाही, त्याचे काय? खाटेवर पडलेल्या गुरुजींचे मोल काय?

पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे द्यावे लागते. मनुष्याचे मोल त्याच्या उपयोगात असेल, तर तान्ह्या मुलाला मोल नाही, व पडून असलेल्या वृद्धालाही नाही. परंतु तान्ह्या मुलाविषयी असे कोणी म्हणत नाही. आपण सर्व जण काही उपयोगी पडण्याच्या आधी प्रीतीने वाढवले गेलो. म्हणजे मोल आधी होते; काम नंतर आले. जे कामाच्या आधी होते ते कामाबरोबर कसे जाईल? गुरुजींना आता घास भरवून घ्यावा लागतो. तीस वर्षे देत आलेल्या मनुष्याला घेणे फार जड जाते. प्रथम ते तोंड फिरवीत. हल्ली ते डावा हात उचलून सुनेच्या डोक्यावर ठेवतात. नातीने पुढच्या वर्षी परीक्षा दिली. ती त्यांच्या खाटेजवळ बसून मोठ्याने वाचत असे, आणि ती चुकली की ते बोबड्या शब्दांत थांबवीत.

शेवटी मुलांना व मंडळ्यांना थोडे सांगतो. आईबापांना सांभाळणे हे दान नव्हे, ऋण आहे. देशाच्या कायद्यानेही ते तसेच मानले आहे. २००७ सालच्या कायद्याप्रमाणे ज्यांचा निर्वाह होत नाही अशा आईबापांना मुलांकडून निर्वाहाची रक्कम न्यायाधिकरणाकडे मागता येते. आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवता येते. म्हणून वृद्धांनी शेत अथवा घर नावावर करून देताना ती अट कागदात लिहवून घ्यावी. ह्यात अविश्वास नाही. २०२४ सालापासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, मिळकत न पाहता, आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. त्याचे कार्ड आजारी पडण्याच्या आधी काढून ठेवावे. प्रत्येक मंडळीने आपल्यातील वृद्धांची एक यादी करावी, आणि कोण कोणाला आरोग्य केंद्रात नेईल हे ठरवून ठेवावे. निरोपाच्या शालीपेक्षा ह्या सोबतीची गरज अधिक आहे.

आणि वडील बंधुभगिनींनो, तुम्हांला एकच विनंती. कोठे जावयाचे असेल, काही दुखत असेल, गोळी संपली असेल, तर मागा. तुम्ही मागितले म्हणजे आम्हांला भार होत नाही. तुम्ही लपवले म्हणजे होतो. ओझे तुम्ही पुष्कळ वाहिले. आता ते आम्हांला वाहू द्या, आणि आमच्या शेजारी बसा.